दोन वाट्या चिंचोके

नदीकाठच्या एका नगरात तंबोरे घडवणारा एक कारागीर राहत असे. त्याचे नाव रेवण. वय पस्तिशीचे, हात कुशल आणि कान त्याहून तयार. ज्या वृद्ध गुरूंकडे तो ही विद्या शिकला, त्या मल्लाप्पांना सारे नगर अण्णा म्हणे. शरीर थकल्यावर अण्णांनी पेठेतली कार्यशाळा रेवणच्या स्वाधीन केली आणि ते नदीपलीकडे लेकीच्या घरी राहायला गेले.

रेवण आळशी मुळीच नव्हता. दिवस उगवताच तो दार उघडी आणि दिवेलागणीला थकूनभागून घरी जाई. तरीही काम पुरे होत नसे. तीन महिन्यांत व्हायचा तंबोरा सहा महिने रखडे. कोणी विचारलेच तर तो म्हणे, "अहो, मान वर करायला फुरसत नाही मला!" आणि हे त्याला मनापासून खरे वाटत असे.

त्या वर्षी सुभद्राबाई नावाच्या गायिका दीर्घ आजारातून उठल्या. दोन वर्षांनंतर प्रथमच त्या नगराच्या वसंतोत्सवात गाणार होत्या. त्यांचा नवा तंबोरा घडून तयार होता, फक्त जवारी काढायची राहिली होती. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने अगदी केसाएवढा घासत न्यायचा, म्हणजे छेडलेली तार भुंग्यासारखी गुंजत राहते. हे जवारीचे काम. त्यात डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त. कानशीचा एक हात जास्त फिरला, तर घोडी वाया जाते.

बाई स्वतः कार्यशाळेत आल्या. "रेवण, माझा आवाज अजून सावरलेला नाही. तंबोऱ्याने धरून ठेवलं तरच मी गाईन. पाच दिवस राहिलेत. होईल ना रे?"

"होईल बाई. तुम्ही निर्धास्त राहा," रेवण म्हणाला.

तीन दिवस गेले आणि दोन घोड्या बिघडल्या. तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. त्याने नदीपलीकडे निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा काठी टेकत आले.

"अण्णा, हे नगर मला काम करू देत नाही," रेवण काकुळतीने म्हणाला. "हा हाक मारतो, तो डोकावतो. तुम्ही जवळ बसा. तुमचा हात लागला तर निभावेल."

अण्णांनी बिघडलेल्या घोडीवरून बोट फिरवले. "हात तुझा उत्तम आहे. मी बाहेर बसतो," एवढेच ते म्हणाले आणि खरोखरच ओट्यावर, उघड्या दारातून आतले दिसेल असे जाऊन बसले. समोर दोन वाट्या मांडल्या, मांडीवर चिंचोक्यांची पुरचुंडी सोडली. रेवणला काही उमगेना. संकटात धावून आलेले गुरू पोरखेळ मांडून बसावेत, याचे त्याला वाईटच वाटले.

पेठ जागी झाली. शेजारचा हलवाई दादू आला. "रेवण आहे का? पेढ्यात वेलची जास्त झाली का, जरा चाखून सांगू दे."

"ठेव इथे. तिसऱ्या प्रहरी तो स्वतः येऊन सांगेल."

"नक्की ना? मग काही घाई नाही," दादू म्हणाला आणि निघून गेला. वाटीत टक्कन चिंचोका पडला.

कोणी उत्सवाची तिथी विचारायला आले, ती अण्णांनीच सांगितली. कोणी नुसतेच गप्पांना आले, त्यांच्याशी अण्णा दोन घटका मनसोक्त बोलले. आत रेवणचे काम चालले होते. मध्येच तो रोगण वाळले का ते पाहून आला. मग पाणी प्यायला उठला. मग कुठली मिरवणूक निघाली म्हणून खिडकीशी गेला. बाहेर बोलणे ऐकून दाराशी आला, "कोण आलं होतं अण्णा?"

"दादू. तिसऱ्या प्रहरी जा त्याच्याकडे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक चिंचोका टाकला.

तिसऱ्या प्रहरी अण्णा दोन्ही वाट्या घेऊन आत आले. एकीचा तळ जेमतेम झाकला होता, दुसरी बरीच भरली होती.

"यात आलेल्या लोकांची वाटी कोणती, सांग बरं."

रेवणने भरलेल्या वाटीवर बोट ठेवले. "ही! आता पटलं ना तुम्हाला?"

अण्णा डोळे मिचकावून हसले आणि त्यांनी दुसरी वाटी पुढे सरकवली. "लोकांची ही. नऊ जण आले. त्यांतल्या एकाचं तुझ्यावाचून अडलंय. त्याच्या सतारीची खुंटी निखळलीय नि संध्याकाळी त्याला वाजवायचंय. तो बाहेर बसलाय. बाकीचे आठ जण हसत गेले."

"आणि ही?"

"ही तुझी. तेवीस वेळा उठलास तू. हाक एकानेही मारली नव्हती."

रेवण वाटीकडे पाहत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याला मिरवणूक आठवली, न लागलेली तहान आठवली, आणि एकाएकी इतके हसू फुटले, की अण्णाही पोट धरून हसू लागले.

हसणे ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "बाळ, काम अवघड जागी आलं की मन पळवाट शोधतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझंही पळायचं. पण सूर कानात स्थिर व्हायला वेळ लागतो. तू तो स्थिर होण्याच्या आत उठतोस आणि परतून पहिल्यापासून आरंभ करतोस. तुझा सगळा दिवस आरंभातच जातो, मग शेवट कुठून गाठणार? लोकांसाठी आज मी दारात बसलो. तुझ्यासाठी मात्र तुलाच बसावं लागेल. उद्या उठावंसं वाटलं की एक चिंचोका वाटीत टाक आणि जागचा हलू नकोस. मनाशी भांडू नकोस. थोडी कळ काढ, ते आपणहून परत येईल."

रेवणने आधी त्या सतारीची खुंटी बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी शेजारी ठेवून तो नव्या घोडीपुढे बसला. पहिल्या घटकेतच सात चिंचोके पडले. पुढे दोन. मग वाटी तशीच राहिली. कानस, तार, पुन्हा कानस, एवढेच चालले होते. तारेतला खरखरीतपणा कुठे आहे, ते त्याला आता स्पष्ट ऐकू येऊ लागले. त्याने आणखी एक हलका हात फिरवला आणि तार छेडली.

ओट्यावर अण्णा कोणाला तरी काही सांगत होते, ते वाक्य अर्ध्यात सोडून गप्प झाले. रस्त्याने जाणारी दोन माणसे थबकली. तो नाद खोलीत भरून राहिला होता. आतून रेवणने विचारले, "अण्णा, सकाळ सरली का हो?"

"दुपार कलली," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

वसंतोत्सवात सुभद्राबाईंनी पहिला षड्ज लावला. क्षणभर आवाज कापला, मग तंबोऱ्याच्या कुशीत शिरून स्थिरावला, आणि त्या प्रहरभर गायल्या.

तेव्हापासून रेवणचे दार सकाळी लोटलेले असे आणि तिसऱ्या प्रहरी सताड उघडे. लोक दुखावतील, अशी त्याला धास्ती होती. एके दिवशी त्याने दादूला विचारलेच, "सकाळी भेटत नाही म्हणून राग नाही ना आला?"

दादू म्हणाला, "राग कसला? आधी तू दिवसभर भेटायचास, पण बोलताना तुझं निम्मं लक्ष आत असायचं. आता तासभरच भेटतोस, पण सगळाच्या सगळा भेटतोस."

 रेवण दादूच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसला.

आपणही दिवसातला एखादा प्रहर फोन पालथा ठेवून, दार लोटून कामाला दिला, तर काम तर होईलच, शिवाय उरलेल्या वेळी आपल्या माणसांना आपण पुरते मिळू.