फुटक्या मडक्यांचा खड्डा

नदीच्या एका वळणावर कुंभारांचं गाव होतं. घरोघरी चाक, पण मडकी भाजायची भट्टी सगळ्यांत मिळून एकच. तिला ते आवा म्हणत. आवा एकत्र लागायचा, एकत्र उघडायचा. त्यातली मडकी आसपासच्या गावांत द्यायची आणि बदल्यात मिळालेल्या धान्यावर वर्ष काढायचं, असा त्यांचा संसार होता.

गावात एक चाल होती. जे मडकं फुटेल ते त्याच संध्याकाळी आव्यामागच्या खड्ड्यात पुरायचं. एकजण पुरत असला की बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. कुणाचं फुटलं, कसं फुटलं, विचारायचं नाही. कुणाला कमीपणा येऊ नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत, आणि गावाला तिचा भारी अभिमान. आपल्याइतकी भली माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत, असं ते आपसांत म्हणत. एकाच घडणीचं मडकं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी का तडकतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एक वाईट वर्ष आलं. पुरानं नदीकाठची मातीची जुनी खाण वाळूखाली गाडली. गावाचा कारभारी नवाच होता. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं टेकडीखालची माती चिमटीत घेतली, जिभेला लावून पाहिली आणि म्हणाला, "हीच आणा."

आणली. मडकी लालचुटूक निघाली आणि गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण थोड्याच दिवसांत पाणी भरलेल्या मडक्यांचे पोपडे उडायला लागले, ती झिरपायला लागली. गिऱ्हाइकं मडकी परत आणून दारात ठेवू लागली. पुढचा आवा लावला, तरी तीच गत. धान्य येईना. काही घरांनी चाकं गाडीत घातली आणि नातेवाइकांकडे निघून गेली. उन्हाळा तोंडावर आला होता, आणि उन्हाळ्यात माठ गेले नाहीत तर उरलेल्यांनाही गाव सोडावं लागणार होतं.

चिंचेखाली बैठक बसली. गावातला सर्वांत वडीलधारा कुंभार बोलला. त्याचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे.

"माती कारभाऱ्यांनी पारखलेली. घडवणारे आपण पिढीजात. मग राहिलं कोण? जाळ घालणारा. ह्याचाच जाळ कच्चा पडतोय. ह्याला गावातून काढा."

आव्याला जाळ घालणारा दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेला, त्यामुळे त्याच्या बाजूनं बोलायला चुलता ना मामा. तो एवढंच म्हणाला, "जाळ नेहमीसारखाच होता."

कारभाऱ्यानं सकाळी निकाल द्यायचा ठरलं. तोही तेव्हा काही बोलला नाही. खरं तर त्यालाही जाळाचाच संशय होता. तो संशय सोयीचाही होता.

संध्याकाळी तो आपली फुटकी मडकी पुरायला बायकोबरोबर खड्ड्यावर गेला. एक माठ हातातच दुभंगला आणि त्याची नजर तुकड्यावर गेली. आतल्या बाजूला चुनखडीचा पांढरा खडा होता. त्यानं दुसरं खापर उचललं, तिसरं उचललं. जिथून पोपडा उडालेला, तिथे खडा होताच. ओल लागली की भाजलेली चुनखडी फुगून मडकं फोडत होती. आयुष्यभर मडकी घडवून आपण आपलंच फुटकं मडकं कधी निरखून पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"तुमच्या आईंचा माठ घरात उरलेल्या जुन्या मातीचा," बायको हळूच म्हणाली. "ह्याच आव्यात भाजलाय. त्याला काही झालं नाही."

"म्हणजे जाळ नाही. माती."

माती कुणी निवडली हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अहो, कुणी बघत नाही," ती म्हणाली. "बघायचं नाही अशी चालच आहे. पुरून टाका. जाळ घालणाऱ्याच्या हातात कसब आहे, तो कुठेही पोट भरेल." बाई वाईट नव्हती. चारचौघांत नवऱ्याची शोभा झालेली तिला बघवली नसती.

कारभारी घाबरला होता. कारभाऱ्याचं पागोटं जाईल, लोक तोंडावर बोलतील, हे सगळं त्याला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "त्याला काढला, तरी पुढच्या आव्यात माती तीच राहील."

सकाळी त्यानं आपली फुटकी मडकी चिंचेखाली मांडली. सवयीनं सगळ्यांनी तोंडं फिरवली.

"बघा," तो म्हणाला. "मुद्दाम बघायला आणलीत. जाळात खोट नाही. माती मी चुकीची निवडली."

वडीलधाऱ्या कुंभारानं खापर हातात घेऊन पाहिलं. "म्हणजे आमच्या तोंडचा घास तुम्ही काढलात."

"हो."

लोक बोलायचं ते बोलले. पागोटं उतरवून वडीलधाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं गेलं. कारभाऱ्यानं जाळ घालणाऱ्यापुढे हात जोडले. "तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो," तो म्हणाला. "जाळ नेहमीसारखाच होता," असं पुन्हा सांगून तो माणूस लाकडं आणायला गेला.

पण त्या दिवशी एकेकजण घरी जाऊन आपली फुटकी मडकी घेऊन आला. गावानं पहिल्यांदाच ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. भातुकलीची बोळकी करणारी एक बाई म्हणाली, "माझी बोळकी ह्याच मातीची, पण एक फुटलं नाही." बारीक कामासाठी ती माती पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्यायची, त्यामुळे खडे वरच राहायचे. मग सगळं गाव माती गाळायला बसलं. काम कंटाळवाणं, हातांना भेगा पडल्या, मडकी निम्मीच झाली. पण ती टिकली. उन्हाळा एक वेळ जेवून निघाला, तरी आणखी कुणाला गाव सोडावं लागलं नाही. जुना कारभारी सगळ्यांबरोबर गाळत बसलेला असे.

पुढच्या वर्षी आवा उघडला तेव्हा वडीलधाऱ्या कुंभाराचा मोठा रांजण तडकलेला निघाला. संध्याकाळी तो खापरं घेऊन खड्ड्यापर्यंत गेला, उभा राहिला आणि मागे फिरला. डोक्यावर पागोटं तसंच ठेवून भर रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत तो जुन्या कारभाऱ्याच्या अंगणात आला आणि त्यानं रांजणाचे तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"माझा आहे," तो म्हणाला. "काय चुकलं असेल, सांगा."

तात्पर्य एवढंच: जो आपलं फुटकं मडकं आधी चारचौघांत मांडतो, त्याच्याकडून लोक शिकतात, मग पागोटं कुणाच्याही डोक्यावर असो.