तानीची मातीची चिमणी

कुंभारआळीच्या टोकाला, निळ्या दाराच्या इवल्याशा घरात तानी आणि तिची आई राहायच्या. आई पणत्या घडवायची. दिवाळी तोंडावर आली होती, पण नळ कोरडा, म्हणून मातीही कोरडी. पाणी सोडणारा दगडूमामा भली मोठी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावभर फिरायचा. जी आळी त्याला काही देईल, तिलाच पाणी. कोंबडी, तूप, भोपळा, त्याला काहीही चालायचं.

एकदा तानी लांबच्या विहिरीवरून तांब्याभर पाणी घेऊन येत होती. वाटेत बागेतल्या आटलेल्या तळ्यात एक पांढरं कमळ मान टाकून पडलेलं दिसलं. तिने सगळं पाणी त्याला घातलं. पाकळ्या गुलाबी झाल्या, लुकलुकल्या, आणि आतून सोनेरी पंखांची बोटभर परी बाहेर आली.

"गुणाची गं तू. माग, काय हवं?"

तानीने ओच्यातून मातीची चिमणी काढली. फुंकली की शीळ घालणारं तिचं एकुलतं एक खेळणं. "आधी ही घ्या."

"का गं?"

"काही दिल्याशिवाय काम कसं होणार?"

परीचे पंख क्षणभर राखाडी झाले. "ठेव ती. माझे नियम ऐक. एकटीसाठी मागायचं नाही. आणि त्यासाठी कुणी कुणाला काही द्यायचं नाही. दिलं, की इच्छा विरघळली."

"मग आमच्या अख्ख्या आळीला पाणी येऊ दे."

सकाळी दगडूमामा आला, तर आई कोंबडी घेऊन उभी आणि शेजारच्या गोदाकाकू भोपळा घेऊन.

"आज शहाणी झाली म्हणायची आळी," मामा म्हणाला.

तानी मध्ये आली. "आई, नको देऊस. परीने सांगितलंय."

"अगं, मग पणत्या कशा घडवू?"

"चावी माझ्या हातात आहे, पोरी," मामा हसला.

"चावी तुमच्या हातात आहे, मामा. पाणी सगळ्यांचं आहे."

आईने लेकीकडे पाहिलं आणि कोंबडी खाली सोडली.

"मीही भोपळ्याची भाजीच करते," गोदाकाकू म्हणाल्या.

तोच चावी चांदीसारखी चमकली आणि मामाच्या हाताला चिकटली. झटकली तरी सुटेना. शेवटी आळीच्या नळाचं जमिनीतलं झाकण उघडून त्याने ती आत घालून फिरवली, तेव्हा कुठे सुटली.

"आता रोज चिकटणार की काय?" तो पुटपुटला.

"पाणी सोडेपर्यंत. रोज," नळातून नाजूक आवाज आला.

झुळझुळ धार लागली. धारेच्या इंद्रधनुष्यात परी बसली होती. तानीने पुन्हा चिमणी पुढे केली.

"आता मला काही मागायचं नाही. आता घ्याल?"

"आता घेते," परी म्हणाली. तिने चिमणी छातीशी धरली, लख्ख सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडात ती विरून गेली.

त्या दिवाळीत कुंभारआळी पणत्यांनी झगमगली. आणि अजूनही तिथल्या नळांना पाणी येण्याआधी आतून बारीकशी शीळ ऐकू येते.