लवंग्याची फिर्याद

“दरबार भरला की दार लागतं. फिर्याद संपेपर्यंत राजासकट कोणी उठायचं नाही. का, ते विचारायचं नाही.”

कळसगिरीच्या राजवाड्यात मुलीला कामावर आणताना म्हादबा फरासानं तिला एवढं एकच शिकवलं होतं. म्हादबा दरबारातले गालिचे अंथरायचा, झटकायचा. हौसा त्याची थोरली लेक. नियम महाराजांच्या आजोबांनी केलेला. आजोबा गेले, नियम राहिला. त्याला कोणी हात लावला नाही, कारण हात लावायला आधी उठावं लागलं असतं.

या नियमापुढे मान न तुकवणारा जीव दरबारात एकच होता. लवंग्या. महाराज मानाजीरावांना सासुरवाडीहून भेट आलेलं वीतभर कुत्रं. दरबारभर ते महाराजांच्या मांडीवर झोपायचं. मधेच उठायचं, दारापाशी जाऊन नखं घासायचं, परत यायचं आणि गालिच्याच्या उजव्या कोपऱ्यात पाय वर करायचं. मग सगळे सरदार एकदम छताकडे बघू लागत. दिवाण त्रिंबकपंतांनी तर एकदा भर चैत्रात सांगितलं होतं, “छप्पर गळतंय, महाराज.”

एके दिवशी मात्र दरबार उठताना महाराजांचा पाय त्या गळतीत पडला.

“म्हादबा,” महाराज गरजले, “आठ दिवसांत हे थांबलं पाहिजे. लवंग्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, रागवायचं नाही. दरबारात तो माझ्या मांडीवरच राहील. आठव्या दिवशी गालिचा ओला दिसला, तर तू बिऱ्हाड उचलून वेशीबाहेर.”

तीस वर्षं त्या वाड्यात कंबर मोडलेल्या म्हादबाला शब्द फुटेना. हौसाला फुटला.

“दिवाणजी, ते दारावर नखं घासतं. दार उघडलं तर?”

“मधे दार उघडायचा नियम नाही.”

“मग त्यानं जायचं कुठं?”

“विचारायचं नाही, हे बापानं शिकवलं नाही का तुला?”

“शिकवलं होतं. मला आलं नाही.”

त्रिंबकपंतांनी भुवया इतक्या वर नेल्या की त्या पगडीत शिरल्या. म्हादबानं लेकीला ओढतच बाहेर नेलं.

हौसानं गालिच्याचा तो कोपरा रिठ्याच्या पाण्यानं तीनदा धुतला, उन्हात टाकला. वास राहिला तर कुत्रं तिथंच येणार, हे तिला ठाऊक होतं. लवंग्या झोपेतून उठला की ती त्याला चिंचेखाली न्यायची. जेवला की पुन्हा न्यायची. त्याचं होईपर्यंत उभी राहायची आणि झालं की भाकरीचा तुकडा द्यायची. पाच दिवसांत लवंग्या शहाणा झाला. सगळ्या राजवाड्यात थेंब सांडेना. उरला फक्त दरबार. तिथं शहाणं करायचं होतं ते कुत्र्याला नव्हे.

आठवा दिवस उजाडला. ऊन असं, की कावळेही वळचणीला बसलेले. दरबार भरण्याआधी हौसानं सगळ्यांना गार पन्हं वाटलं. महाराज चार पेले प्याले. त्रिंबकपंत सहा प्याले, कारण फुकट होतं. दार लागलं. हौसा पुढे आली.

“महाराज, माझी फिर्याद आहे.”

“बोल.”

“फिर्याद या गालिच्याची आहे, म्हणून मेंढरांपासून सुरू करते. बारा मेंढरं होती. पहिलीचं नाव ढवळी…”

बारा मेंढरांची बारा नावं झाली. मेंढरं डोंगर चढली, डोंगर उतरली. मग लोकर धुवायला नदी आली.

“नदीला पूर आलेला, महाराज. पाणी कसं, खळखळ खळखळ. वरून धबधबा, त्याची एकसारखी धार…”

महाराजांनी मांडी बदलली. सरदारांनी पाय पोटाशी घेतले. त्रिंबकपंत डोळे मिटून कुलदैवत आठवू लागले.

“पोरी, फार राहिलंय का गं?” महाराजांनी विचारलं.

“छे. आता लोकर वाळली की सूत कातायचं.”

“धबधबा तरी गाळ.”

“गाळला असता, पण परतताना तोच रस्ता आहे.”

एवढ्यात लवंग्या मांडीवरून उतरला आणि दारावर नखं घासू लागला. महाराज त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“दार उघडा,” ते म्हणाले.

“महाराज, नियम…” त्रिंबकपंत कण्हले.

“फिर्याद संपली नाही अजून,” हौसा म्हणाली.

“मग संपव, बाई. मला आता बसवत नाही.”

“लवंग्यालाही बसवत नव्हतं, महाराज. सहा महिने तो हेच सांगत होता. त्याला मराठी येत नाही आणि इथं दाराची भाषा कोणाला येत नाही. जनावराला अडलं की दार उघडावं, एवढीच माझी फिर्याद. संपली.”

दार उघडलं. लवंग्या पहिला गेला, महाराज दुसरे. मागून अख्खा दरबार, मानापमान विसरून.

महाराज परतले ते पोट धरून हसतच. गालिच्याचा कोपरा त्यांनी स्वतः वाकून चाचपला. कोरडा ठणठणीत. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं आणि म्हादबाला सांगितलं, “बिऱ्हाड हलवायचं नाही. पोरीनं तुला राखलं.”

सरदार एकेक करून जागेवर आले. सगळ्यांचे चेहरे फार प्रसन्न होते. शेवटी त्रिंबकपंत आले, बसले, पगडी सारखी केली.

“झालं ते झालं,” ते खाकरले. “पण पूर्वजांचा नियम तो नियम. पोरी, दरबारची माफी माग आणि दार लावून घे.”

“माफी मागणार नाही आणि दारही लावणार नाही,” हौसा म्हणाली. तिनं पन्ह्याची कळशी उचलून पंतांच्या पुढ्यात ठेवली. “अजून निम्मी आहे. ज्याला दार लावायचंय, त्यानं आधी ही संपवावी.”

महाराज पुन्हा हसत सुटले. पंतांनी कळशीकडे पाहिलं, सरदारांनी पंतांकडे पाहिलं. दार उघडंच राहिलं.