ठकूआत्याचं बिनफोडणीचं पिठलं

फार म्हणजे फार वर्षं झाली. मुंबईत तेव्हा ट्राम होती आणि आमच्या आंबेखिंडीला रस्ता नव्हता. त्या काळात ठकूआत्या होऊन गेली. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची आत्या झाली.

ज्या घरातून माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं ठकूआत्या पिठलं-भाकरी घेऊन जायची. त्या पिठल्याला फोडणी नसायची. तडतडणारी मोहरी म्हणजे सणाचा आवाज, रडत्या घरात तो कशाला? उकळत्या पाण्यात मीठमिरची टाकायची, वरून बेसन पेरायचं, झालं. मग ती समोर बसून विचारायची, "कोन गेलं, लेकरा?" तिला ठाऊक असायचंच. पण ते नाव तोंडातून निघालं की रडू फुटायचं, आणि रडून झालं की भूक लागायची. तिच्यासमोर कुणी उपाशी राहिलं नाही, असं म्हणतात.

एकदा मुंबईचा रंगनाथशेठ मामाच्या मातीला आला. त्याचं गिरगावात हॉटेल होतं. त्यानं ते पिठलं खाल्लं, बोटं चाटली आणि कृती विचारली. आत्यानं सांगितली, तिला लपवाछपवी माहीतच नव्हती. आणि या गृहस्थानं काय करावं? हॉटेलाबाहेर पाटी लावली, 'आंबेखिंडीचं खास बिनफोडणीचं पिठलं'. सुतकातलं अन्न, आणि म्हणे खास! रांगा लागल्या. मुंबईला गेलं की काय काय खावं याची यादी एका वर्तमानपत्रात छापून आली, तर तिच्यात पहिला नंबर या पिठल्याचा. लोक वरून लिंबू पिळत, हसत-खिदळत खात. सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गावाला याचा पत्ता नव्हता. पुढं गावातल्या हौसाचा नवरा साप चावून गेला. आत्यानं पिठलं नेलं, हौसाला रडवलं, समजावलं. हौसा पहिला घास उचलणार, इतक्यात मुंबईहून आलेला तिचा चुलतदीर मिटक्या मारत म्हणाला, "वा! अगदी हॉटेलातल्यासारखं जमलंय!"

हौसानं घास खाली ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मांडीवर तान्हं पोर, आणि दूध आटत चाललेलं. आत्यानं त्या दिराकडून सगळी हकिकत काढून घेतली, पदर खोचला आणि मुंबईची वाट धरली. वाटेत दोन डोंगर आडवे होते, ते बाजूला सरले आणि दिवस मावळायच्या आत ती गिरगावात पोचली, असं म्हणतात. मी म्हणतो, डोंगरांनाही लाज वाटली असेल.

हॉटेल गच्च भरलं होतं. आत्या ओरडली नाही की भांडली नाही. पहिल्या टेबलापाशी गेली आणि पिठलं खाणाऱ्या माणसाला म्हणाली, "कोन गेलं, लेकरा?"

तो हसला. मग त्याचं हसू मावळलं. "आई," तो म्हणाला. "गिरणीतनं सुट्टी मिळाली नाही. गेलोच नाही मी." आणि ढसाढसा रडायला लागला. आत्या दुसऱ्या टेबलापाशी गेली, मग तिसऱ्या. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलं होतं आणि त्यांच्यासाठी रडायला कुणालाच सवड झाली नव्हती. तो आक्रोश रस्त्यापर्यंत गेला, ट्रामा जागच्या जागी थांबल्या, भटारखान्यातल्या चुली आपोआप विझल्या, असं म्हणतात.

रंगनाथशेठ हात जोडत बाहेर आला. "आत्या, मी चोरी नाही केली. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"तुज्या शेजारी कुनी गेलं तर रांधून न्यावंस म्हनून सांगितलं व्हतं रं! ह्ये असं दुकान मांडाया?"

"मग आता काय करू?"

"इकायचंय न्हवं? मग फोडनी घाल. मव्हरी तडतडू दे. आन् पाटीवरचं आमच्या गावाचं नाव पूस."

त्यानं मुकाट्यानं फोडणी घातली. पिठलं इतर चार हॉटेलांसारखं झालं आणि रांग आटली. बरं झालं, चांगली खोड मोडली.

आत्या आल्या पावली परतली. पिठलं रांधून हौसाकडे गेली आणि दारातच सगळ्यांना बजावलं, "कुनी चवीचं बोलंल तर याद राखा." त्या दिवशी हौसा जेवली.

तेव्हापासून आंबेखिंडीत मौतीच्या घरच्या जेवणाला कुणी चांगलं म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. अजूनही एखादी मोटार येते आणि आतली माणसं विचारतात, "ते प्रसिद्ध पिठलं कुठं मिळतं हो?" मिळत नाही, बाबांनो! जा आल्या वाटेनं, आणि ते खायची वेळ तुमच्यावर न येवो.

पुढं ठकूआत्याही गेली. सगळ्याच गावाला सुतक, मग रांधणार कोण? शेवटी हौसा उठली. तिनं रडत रडत पिठलं पेरलं आणि मीठ घालायचंच विसरली. सगळं गाव जेवलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. आजही आत्याच्या तिथीला आंबेखिंडीत घरोघरी अळणी पिठलं होतं, आणि पानावर मीठ कुणी मागत नाही.