खिंडीतले दोन ढीग

ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा डोंगरांनाही नावं नव्हती. घाटावर एक राज्य होतं, घाटाखाली एक. दोन्ही तालेवार, आणि दोघांच्या मधे रान. लहानथोर सगळ्यांनी ऐका, आणि मधूनमधून हुंकार देत राहा. गप्प बसलेली माणसं त्या रानाला फार आवडतात म्हणे.

रानातून एकच वाट होती आणि वाटेवर एक खिंड. वरचे व्यापारी बैलांवर गूळ लादून खाली उतरायचे. खालचे मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर चढायचे. खिंडीतून जाताना प्रत्येकाने एक दगड उचलून ढिगावर ठेवायचा, अशी रीत होती. वरच्यांचा ढीग डावीकडे, खालच्यांचा उजवीकडे. का ठेवायचा, हे तिथल्या देवाची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या गुरविणीला ठाऊक होतं. पण तिला विचारतो कोण?

माणसाची जातच अशी. दोन ढीग दिसले की उंच कुठला ते आधी बघणार. हळूहळू दोन्हीकडचे लोक त्या ढिगांवरूनच कोण मोठं ते ठरवू लागले.

वरच्या राज्यावर एक राणी होती. कामसू, शहाणी, पण या एका बाबतीत हट्टी. एका वर्षी खालच्यांचा ढीग हातभर उंच झाला आणि तिची अन्नावरची वासना उडाली. खरं तर त्या साली तिचाही ढीग वाढला होता. खालच्यांच्या हाती मिठाचा पैसा आला होता, म्हणून तिचा गूळ कधी नव्हे इतका खपला होता. ते काही तिला दिसेना.

"त्यांच्याकडे गेलं ते आपल्यातलंच गेलं," ती म्हणाली, आणि तिने मिठावर जबर जकात बसवली. खालच्या राजाने गुळावर बसवली. तिने त्याचे बैल अडवले, त्याने तिचे. वाट ओस पडली. ढीग होते तेवढेच राहिले. तेव्हा राणीला एक युक्ती सुचली. त्या युक्तीचा मला अजून राग येतो.

राणीला एकच भाऊ होता, धाकटा, हिरोजी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. खिंडीजवळच्या गावात तो चौकी सांभाळायचा. राणीने त्याला सांगितलं, "त्यांच्या ढिगावरचे दगड काढ आणि आपल्या ढिगावर टाक."

"सगळे, अक्का?"

"एकही ठेवू नकोस."

हिरोजीने गावातली माणसं घेऊन दगड हलवायला सुरुवात केली, तेव्हा गुरवीण आडवी आली. "बाबा, हे चढाओढीसाठी ठेवलेले दगड नाहीत. इथे रान झोपलंय. हे दोन ढीग त्याच्या दोन पापण्यांवर आहेत. येणारेजाणारे वजन ठेवतात, म्हणून ते डोळे मिटलेले राहतात."

हिरोजी हसला. "मग आमच्या बाजूची पापणी आणखी घट्ट मिटेल, आजी."

"एक डोळा उघडा ठेवून झोप लागते का रे?" म्हातारी म्हणाली, आणि देवळाचं दार आतून लावून बसली.

तिन्हीसांजेला तळाचा दगड निघाला. त्याखाली माती नव्हती. काळं, ओलसर, गुळगुळीत असं काहीतरी होतं. हिरोजीने हात लावून पाहिला. ते कोमट होतं. मग ते थरथरलं आणि उघडलं.

सकाळी वरच्यांचा ढीग लांबूनही दिसू लागला. राणीने साखर वाटली. दुपारी हरकारा आला आणि म्हणाला, चौकीच्या गावाची वाट सापडत नाही.

राणी स्वतः गेली. काल जिथे शेतं होती तिथे पुरुषभर उंच झाडं उभी होती. एक पाखरू बोलत नव्हतं. झाडीतून गावाचं पहिलं घर दिसलं. चुलीवर तवा होता आणि तव्यावर भाकरी, अजून गरम. माणूस मात्र कुठेच नव्हतं. आणि रानात, फार आत, कुणीतरी हाका मारत होतं, चुकलेल्या गुराला माराव्यात तशा. आवाज हिरोजीचा होता. राणी त्या दिशेला धावली. ती जितकी आत गेली तितका आवाज मागे सरकला.

पुढे रान रोज थोडं चालत आलं. त्याने खालच्यांची गावं घेतली तेव्हा वरच्या दरबारात लोक गालातल्या गालात हसले. मग त्याने वरच्यांचीही घेतली. उघडा डोळा काही एकाच बाजूला बघत नाही.

राणीने दगड परत उजव्या बाजूला नेले. ते घरंगळून खाली येत. देवळाच्या दाराशी बसलेली गुरवीण म्हणाली, "उघडलेल्या डोळ्यावर माल वाहून आलेल्या माणसाच्याच हातचा दगड टिकतो, बाईसाहेब. खालच्यांचा ढीग खालच्यांनीच घालायला हवा."

"ते कशाला येतील? त्यांची वाट मीच बंद केली."

"मग तुम्ही जा."

राणीने एका बैलावर गूळ लादला आणि ती एकटी निघाली. वाटभर तिच्यामागून कुणीतरी चालत होतं. तिने वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण भावाच्या हाका त्याहून जवळ होत्या.

खालच्या बाजारात मिठाच्या राशी पाणी सुटून पडल्या होत्या. राजा म्हणाला, "आता आणखी काय न्यायला आलात?"

"मीठ. माझे लोक अळणी जेवतायत. तुमची पोरं गुळावाचून आहेत, हा गूळ घ्या. आणि तुमचा ढीग पुन्हा घाला. माझ्या भावाला रानाने ठेवून घेतलंय."

राजाने गुळाच्या ढेपेचा खडा तोडून तोंडात टाकला. "आणि उद्या आमचा ढीग उंच झाला तर?"

हे उत्तर राणीला जड गेलं. "तर माझा गूळ खपला, असं समजेन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खालचे बैल मीठ घेऊन चढले. पहिल्या माणसाने उजवीकडे दगड ठेवला. तो टिकला. मग वरचे उतरले, खालचे चढले, आणि दगडामागे दगड पडत गेला. डोळा बारीक होत चालला. झाडांनी आधी वाट सोडली, मग शेतं.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी राणी बैल घेऊन खिंडीत आली, तेव्हा झाडीतून हिरोजी बाहेर आला. अंगावर तेच कपडे, हातात दगड. बहिणीचे केस पांढरे झाल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. "अक्का," तो म्हणाला, "झाला का गं आपला ढीग उंच?"

राणीला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि बैलाकडे बोट दाखवलं. "तो दगड खाली ठेव, हिरोजी. आधी ही मिठाची गोणी उचल."

त्या गावातली बाकीची माणसं मात्र परत आली नाहीत. वाटसरू सांगतात, अजून कधीकधी रानातून हाका येतात, आणि अशा वेळी वरचा असो की खालचा, जो तो दोन्ही ढिगांकडे बघून मगच पुढे जातो.

तात्पर्य: शेजाऱ्याचा बाजार ओस पाडून आपला भरत नाही; दोघांचे भरले तरच दोघांना सुखाची झोप लागते.