वळणाआडचं बेट

रेडिओच्या तबकड्या नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. टेकडीवरच्या तबकडीला समुद्रातल्या बेटावर वादळाचा निरोप धाडायचा होता. पण तिचं बोलणं जायचं सरळ, आणि बेट होतं पृथ्वीच्या वळणाआड. कितीदा सांगितलं तरी उत्तर येईना.

वर घिरट्या घालणारी घार म्हणाली, "अगं, मला तूही दिसतेस आणि बेटही. तिकडची तबकडी केव्हाची माझ्याकडे तोंड करून बसलीय. तूही इकडेच बोल."

"तिथे तर नुसती हवा आहे."

"हवेत बोलणं विखुरतं. थोडं तिकडेही पडेल."

तबकडीने मान जराशी उचलली आणि जीव तोडून सांगितलं. संध्याकाळी बेटावरून उत्तर आलं, "होड्या वर ओढल्या."

"म्हणजे सगळं पोचलं?"

"छे, कणभरच पोचलं," बेटावरची तबकडी म्हणाली. "पण मी दुसरं काही ऐकतच नव्हते."