पत्ता नसलेलं दार

"किती दारं सापडली म्हणालास?" दाऊदमास्तरांनी पुन्हा विचारलं.

"तीन, मास्तर. तीनदा सांगितलं मी."

श्रीरंग कावला होता. हातात टाइप केलेला कागद, खाली मास्तरांच्या सहीपुरती जागा मोकळी. पाच वाजता मच्छीमार सोसायटीची सभा, आणि म्हाताऱ्याचं आपलं एकच पालुपद.

कागदावर तीनच ओळी होत्या. 'जयलक्ष्मी' बोट बुडाली त्या दिवशी तिच्याकडून मदतीची हाक आली नाही. किनाऱ्यावरचा संगणक सर्व मार्गांवर ऐकत होता. यंत्रणेत दोष नाही.

बोटीबरोबर चार खलाशी गेले, आणि बोट हाकणारा तांडेल काशिनाथ चोगले. त्याला चौदा दिवस झाले. हाक मारायचं बटण तांडेलाच्या हाताशी असतं. मग काशिनाथनं ते दाबलं का नाही? कुणी म्हणे प्यायला होता. कुणी म्हणे गुर्मी, दुसरं काय! खलाशांच्या घरच्यांनी त्याच्या बायकोशी, सुनंदाशी, बोलणं टाकलं. ती नळावर आली की बायका हंडे उचलून बाजूला होत.

आज हा कागद वाचला गेला की मेलेल्या माणसावर शिक्काच बसणार होता.

मास्तरांनी उभी हयात जहाजांवर वायरलेसच्या खोलीत काढलेली. निवृत्त होऊन बंदरावर आले आणि पोरांना शिकवत बसले. श्रीरंग त्यांचा सगळ्यात हुशार चेला. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि जरा जास्तच ठाऊक होतं.

"नावं सांग त्यांची," मास्तर म्हणाले.

"एक तारेचा इंटरफेस, इंटरनेटचा. दुसरा वायफायचा. तिसरा आतला... यंत्र स्वतःशीच बोलतं ना, तो." श्रीरंगनं सुस्कारा टाकला. "माझा प्रोग्राम आधी संगणकाला विचारतो, बाबा रे, तुला दारं किती? त्याची यादी करतो. मग प्रत्येक दाराशी बसून येणारं पॅकेट नि पॅकेट, म्हणजे निरोपाचा तुकडा नि तुकडा, पकडतो. त्यात मदतीची हाक असली की घंटा वाजते. सोपं आहे हो."

"तार काढ."

त्यानं इंटरनेटची तार उपसली.

"वायफाय बंद कर."

केलं.

"आता?"

"आता काय! ठार बहिरा झाला तो. बडबडेल फार तर स्वतःशी."

मास्तर उठले. गुडघ्यावर हात दाबत टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. संगणकाचा डबा दोन्ही हातांनी धरून त्यांनी हळूच फिरवला.

मागच्या बाजूला एक हिरवा दिवा लुकलुकत होता. थांबायचा... परत लुकलुकायचा.

"मग हा रे कुणाचं ऐकतोय?"

श्रीरंग वाकला. त्या दिव्याशेजारी एक काळी तार खोचलेली होती. ती भिंतीवरून चढून छपरावरच्या खांबाकडे गेली होती. समुद्रातल्या बोटींचे निरोप पकडणारं यंत्र तिथंच होतं. तार त्यानंच लावली होती.

"हा... हा असणारच की यादीत."

"बघ."

त्यानं तार आणि वायफाय परत जोडलं, प्रोग्राम उघडला, संगणकाकडून अख्खी यादी मागवली. चार नावं आली. पहिल्या तीन नावांपुढं नेटवर्कवरचे आकडी पत्ते होते. चौथ्यापुढं काही नव्हतं.

आणि खाली त्याच्याच हातची एक ओळ होती. पत्ता नसेल तर वगळा.

मास्तरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"का वगळलंस?"

"पत्ता नव्हता, मास्तर. मला वाटलं, बंद पडलेलं असेल. उगाच यादीत खोगीरभरती कशाला..." त्यानं चौथं नाव पुन्हा वाचलं. "ज्याला पत्ताच नाही त्याच्या दाराशी कोण येणार?"

"बोलायला पत्ता लागतो," मास्तर म्हणाले. "ऐकायला लागतो?"

श्रीरंगनं खुर्ची मागं सारली. मग एकदम उसळला.

"पण मी चाचणी घेतली होती! सगळ्यांसमोर! घंटा वाजली होती, तुम्ही होतात तिथं!"

"हाक कुणी मारली होती?"

"मीच. याच संग..."

तो थांबला. याच संगणकावरून मारली होती त्यानं ती हाक. यंत्रानं स्वतःला हाक मारली आणि स्वतःच ऐकली. आणि त्यावर सोसायटीनं त्याला शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता.

"टाळ्या मीही वाजवल्या," मास्तर म्हणाले. "डबा फिरवून बघितला नाही."

श्रीरंगनं ती ओळ खोडली. प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

पडदा भरायला लागला. बोटींची नावं येत होती, कोण कुठं आहे ते येत होतं. 'मत्स्यराज'. 'अल बहार'. 'एकवीरा'. पुन्हा 'अल बहार'. सगळ्या बोटी दुपारच्या उन्हात आपापली जागा सांगत होत्या.

"हे रोज येत होतं?" श्रीरंगनं विचारलं.

"रोज."

"त्या दिवशीही?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मास्तर, काशिनाथकाकांनी हाक मारली होती का?"

"मला काय माहीत?"

"आता शोधता नाही येणार? कुठं तरी राहिलं असेल..."

"कुणी पकडलंच नाही तर राहणार कुठं? येऊन गेलं असेल. किंवा नसेलही आलं."

श्रीरंग टाइप केलेल्या कागदापुढं बसला. चौदा दिवस तो सांगत सुटला होता, काही आलं नाही, काही आलं नाही. सुनंदाकाकीलाही तोंडावर तेच सांगितलं होतं, प्रोग्राम खोटं बोलत नाही म्हणून. ती पदर तोंडाला लावून निघून गेली होती. आता आठवलं आणि तो ढसाढसा रडला. मास्तरांनी त्याला रडू दिलं.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि पेन पुढं ठेवलं.

श्रीरंगनं लिहिलं, 'हाक आली की नाही हे मला माहीत नाही. ती जिथून येणार होती तिथं मी ऐकत नव्हतो. काशिनाथ चोगले यांना या कारणावरून कुणी दोष देऊ नये.'

मास्तरांनी वाचलं. खाली सही केली.

"सभेला अजून तास आहे. आधी सुनंदाकडं जा. तिला वाचून दाखव."

"आधी तिला?" श्रीरंगनं कागदाची घडी केली. "ती दारात उभं नाही करायची मला."

"पायरीवर बस."

"शिव्या घालेल. रडेल, ओरडेल. सगळी आळी गोळा होईल, मास्तर... मी बोलू काय तिच्यापुढं?"

मास्तर वाकले. उंबऱ्याशी विस्कटून पडलेल्या त्याच्या चपला त्यांनी हातानं सरळ करून ठेवल्या.

"तिचं बोलून होईपर्यंत उठू नकोस."